दुधाच्या कॅनमधलं दफ्तर

नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्साच्या घेटोत इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लम यांनी १९४० पासून सहकाऱ्यांसह गुप्त दफ्तर जमवलं. उपासमारीच्या नोंदी त्यात आहेतच. पण शाळकरी मुलांचे निबंध, मैफलींची निमंत्रणं, गोळ्या-चॉकलेटचे कागद, ट्रामची तिकिटंही आहेत. मरण दाराशी असताना घेटोतली माणसं शिकवत होती, गात होती, हे जगाला कळायलाच हवं होतं! पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून हे सारं एका शाळेच्या तळघरात पुरलं. रिंगेलब्लम १९४४ मध्ये मारले गेले. पेट्या १९४६ मध्ये, कॅन १९५० मध्ये हाती लागले; मिळून सुमारे ३५ हजार पानं. ज्यूद्वेष मात्र तेव्हाच संपला नाही: २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळी, प्रार्थनेला आलेल्या ११ जणांची हत्या झाली. तो पुन्हा उफाळत असताना दफ्तराची ही पानं वाचणं निकडीचं आहे. ती वॉर्सातल्याच ज्यू इतिहास संस्थेत आहेत.