हलका बांबू, जड खोकं

विक्रीच्या किमतीतून कच्च्या मालाचा खर्च वजा केला की उरला तो नफा, हा हिशेब आठवडी बाजारात कसाबसा चालून जातो. ऑनलाइन विक्रीत तो हमखास फसतो. मेळघाटातल्या बांबूच्या वस्तूंवरून हे नीट कळतं. धारणी तालुक्यातल्या लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्रामुळे तिथल्या आदिवासी कारागिरांच्या राख्या दूरवर पोचल्या. अचलपूर-परतवाडा हे मेळघाटाच्या पायथ्याचं बाजाराचं ठिकाण. तिथून बांबूचा टेबलदिवा 900 रुपयांना ऑनलाइन विकला, तर हाती काय उरेल?

हिशेबातून सगळ्यात आधी गळते ती मजुरी. कामट्या घरच्याच माणसाने काढल्या, तासल्या, विणल्या म्हणून ते काम फुकट होत नाही. रोजगार हमी योजनेत 2025-26 साठी महाराष्ट्राचा दर रोजी 312 रुपये होता. दिव्याला अख्खा दिवस लागत असेल तर निदान एवढे तरी धरायलाच हवेत. कसबी हाताचं मोल याहून जास्तच आहे. बांबू, होल्डर, वायर, पॉलिश यांचे 130 आणि खोकं, कागद, टेप यांचे 45 रुपये धरू.

मग येतं विक्री संकेतस्थळाचं कमिशन. ते वस्तूच्या प्रकारानुसार बदलतं. इथे 15 टक्के धरलं तर 135 रुपये आणि त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 24.30.

बांबूचा खरा घात होतो कुरिअरमध्ये. प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्यावर भाडं लागतं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि 5000 ने भागायचं, ही रूढ पद्धत. दिवा भरतो 400 ग्रॅम, पण खोकं 30 × 30 × 25 चं असेल तर भाडं साडेचार किलोचं. ते जीएसटीसह 230 रुपये धरलं, तर एकूण खर्च 876.30 होतो आणि नफा 23.70.

त्यातही काही माल परत येतो. 20 पैकी 2 दिवे परत आले, तर जाण्या-येण्याचं भाडं आणि वाया गेलेलं खोकं मिळून प्रत्येकी 505 रुपये जातात. परत आलेला दिवा धड असून पुन्हा विकता येतो असं मानलं, तरी 18 दिव्यांचा 426.60 रुपये नफा 1,010 रुपयांच्या या खर्चापुढे टिकत नाही. किंमत 940 केली तर जेमतेम तोंडमिळवणी होते.

किंमत वाढवण्यापेक्षा घडण बदलणं शहाणपणाचं. दिवा सुटा करून 30 × 30 × 8 च्या खोक्यात बसवला तर आकारमानाचं वजन दीड किलोच्या आत येतं. भाडं 90 रुपयांवर आलं, तर त्याच 900 रुपयांत आणि तेवढाच माल परत येऊनही 20 दिव्यांमागे सुमारे 2,500 रुपये उरतात. राखी इवल्याशा पाकिटात मावते, पण सुटी राखी भाडं पेलत नाही. ती संचानेच विकावी. शिवाय रक्षाबंधनानंतर परत आलेली राखी पुढच्या वर्षापर्यंत पडून राहते, म्हणून तिची मजुरी आणि मालही तोट्यात धरावा.

कराचा नियम गिऱ्हाईक कुठलं यावरही ठरतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून, उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत असलेल्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय संकेतस्थळावरून माल विकता येतो, पण फक्त राज्यातल्या राज्यात. परतवाड्याहून पुणे दूर असूनही चालतं. जवळचं बैतूल मात्र मध्य प्रदेशात पडतं. नोंदणीकृत विक्रेत्याच्या पैशांतून संकेतस्थळ जीएसटीपोटी 0.5 टक्के रक्कम कापून घेतं. ती विक्रेत्याच्या कर खात्यात जमा होते, त्यामुळे ती खर्चात धरायची नाही.