लिंबाची फोड आणि हिरड्यांतले रक्त



गेल्या जूनमध्ये धडगावकडच्या एका पाड्यावरची मुलगी आमच्या वसतिगृहात परत आली. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली होती. दात घासताना थुंकीत रक्त येई, पायांवर केसांच्या मुळाशी लाल ठिपके होते, आणि पिंढरीवरची जखम महिना झाला तरी भरत नव्हती. तिची तक्रार मात्र वेगळीच होती. "सिस्टर, माझी कातडी अशी खरखरीत का? एखादं क्रीम द्या ना."

मी विचारले, तिकडे काय खात होतीस? भाकरी, डाळ, लाल तिखट. भाजी, फळ? नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितले, हा स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार.

बकरी हे जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात तयार करते, माणसाला ते जमत नाही. आपल्याला ते रोजच्या खाण्यातूनच घ्यावे लागते आणि त्याचा साठाही फार दिवस पुरत नाही. त्वचा, हिरड्या आणि रक्तवाहिन्या यांना धरून ठेवणारा कोलॅजन नावाचा धागा याच्याशिवाय नीट विणला जात नाही. म्हणून हिरड्या सुटतात, कातडीखाली रक्त झिरपते, जखम उघडी राहते. 1747 मध्ये जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरने 12 आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. त्यांत संत्री आणि लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले.

आमच्या मुलींसाठी दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. भाकरी, डाळ आणि पालेभाजीतले लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करते. रक्त कमी असलेल्या मुलीच्या ताटात लिंबाची फोड हवीच. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह कमी शोषले जाते.

आता क्रीमविषयी. क जीवनसत्त्वाने त्वचा निरोगी होते, पण सावळी मुलगी गोरी होत नाही. व्हायची गरजही नाही. हे मुलींना सांगताना मला दरवेळी थोडा रागच येतो, त्यांच्यावर नव्हे, जाहिरातींवर. सर्दीही याने टळत नाही.

काही हितचिंतक प्रेमाने गोळ्यांची पाकिटे पाठवतात. आजारी मुलीला डॉक्टर गोळ्या देतातच. बाकीच्यांना एक पेरू पुरतो. त्यात संत्र्याच्या सुमारे चौपट क जीवनसत्त्व असते, आणि आवळ्यात त्याहूनही जास्त. शेवग्याचा पाला तर दारातच आहे. मात्र हे जीवनसत्त्व उष्णतेने नासते आणि पाण्यात विरघळते. भाजी आधी धुऊन मग चिरायची, झाकण ठेवून थोडक्यात शिजवायची, उकळलेले पाणी ओतून द्यायचे नाही. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी पूर्वी उकळत्या डाळीतच लिंबू पिळत. आता पातेले चुलीवरून उतरवल्यावर पिळतात.

त्या मुलीच्या हिरड्यांतले रक्त आठवड्यात थांबले. जखमेला आणखी महिना लागला. या पावसाळ्यात तिने आणि तिच्या मैत्रिणींनी न्हाणीच्या सांडपाण्यावर आवळ्याची सहा रोपे लावली आहेत. फळ धरायला काही वर्षे लागतील, तोवर लिंबे बाजारातूनच आणावी लागतील. उन्हाळ्यात ती फार महाग होतात. गोळ्यांऐवजी त्यासाठी काही पाठवता आले तर जरूर पाठवा.