जुनी फायबरची होडी घेण्याआधी

नवी मुंबईत दिवाळे किंवा सारसोळेच्या खाडीकाठी उभे राहिले की लाकडी होड्यांच्या शेजारी रंगीत फायबरच्या होड्या दिसतात. इथल्या आपल्या कित्येक कुटुंबांचे गाव रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर आहे. गावाकडून भावाचा किंवा भाच्याचा फोन येतो, "जुनी फायबरची होडी स्वस्तात मिळतेय," आणि पैसे इथून जातात. कधी ती घरातली बचत असते, कधी बायकोचा दागिना. म्हणून अशी होडी आतून कशी असते, हे पैसे देणाऱ्यालाही ठाऊक हवे.

फायबरची होडी म्हणजे प्लॅस्टिकची बादली नव्हे. बादली यंत्रातून एका झटक्यात निघते. होडी हाताने, थरावर थर देत बांधतात. आधी साच्याला आतून मेण चोळून रंगीत जेलकोटचा पातळ थर देतात. पुढे होडीची बाहेरून चमकणारी बाजू ती हीच. त्यावर काचेच्या तंतूंची मॅट अंथरून ब्रशने रेझिन पाजतात आणि रोलर फिरवून आतली हवा काढतात. मग जाड विणीचे काचेचे कापड, म्हणजे रोव्हिंग; पुन्हा मॅट. हार्डनरमुळे हे सगळे थर घट्ट होतात. ताकद काचेच्या धाग्यांची. रेझिन त्यांना एकत्र धरून ठेवते.

अमेरिकेत ओहायोच्या रे ग्रीन यांनी १९४२ साली अशी छोटी होडी बनवली. सुरुवातीच्या कारागिरांना या नव्या मालाचा अंदाज नव्हता, म्हणून त्यांनी तळ भरपूर जाड ठेवले. १९७३ च्या तेलसंकटानंतर रेझिन महागले, तसे अनेकांचे हात आखडले. त्यामुळे "जुने ते दणकट" हे काही होड्यांबाबत खरे आहे, सगळ्यांबाबत नाही.

खरी मेख पुढेच आहे. काच कुजत नाही, पण होडीत नुसती काच नसते. इंजिन टांगतात त्या मागच्या फळीत, तळाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांत आणि डेकमध्ये बहुधा प्लायवूड किंवा लाकूड असते, वरून फायबरने झाकलेले. एखादा स्क्रू सील न करता मारला की त्या भोकातून पाणी आत शिरते. बाहेर रंग नवा, आत लाकडाचा भुगा!

लाकडी होडीवर वरून फायबर चढवण्याचीही पद्धत आहे. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने त्यावर बरेच काम केले आहे. नीट केले तर लाकडाला किडीपासून संरक्षण मिळते; पण ओल्या लाकडावर घाईने चढवले तर थर सुटतो आणि आतल्या आत लाकूड कुजते.

मग पाहायचे कसे? होडी पाण्याबाहेर, कोरडी असताना पाहा. लहान हातोडीने किंवा नाण्याने जागोजागी हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर थर सुटलेत किंवा आतले लाकूड गेले आहे. इंजिन वर-खाली हलवून मागची फळी लवते का बघा. तळावर फोड दिसले आणि फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला, तर पाणी जेलकोटमधून आत झिरपले आहे. नुकताच दिलेला रंग पाहून भुलू नका, उलट विचारा, "आताच का दिला?"

दुरुस्तीसाठी एप्रिल-मेचे कोरडे दिवस बरे. ओल्या जागेवर रेझिन पकडत नाही. भोकावर नुसती पट्टी चिकटवणे म्हणजे मलमपट्टीच. कडा दूरवर तिरप्या घासाव्या लागतात. ५ मिलिमीटर जाडीला साधारण ६० मिलिमीटर. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून चांगला मास्क हवाच आणि लहान मुले लांबच हवीत.

होडी विकणाऱ्यांसाठीही एक शब्द. मालाचा ऐब सांगूनच माल विकावा, हे आपण घरात मुलांना शिकवतो. कपड्यातला ऐब गिऱ्हाइकाचे पैसे बुडवतो. होडीतला ऐब भर समुद्रात माणसे बुडवतो. तेव्हा घेणाऱ्याने ठोकून पाहावे, आणि विकणाऱ्याने ठोकण्याआधीच सांगावे.