एका कुलपाची पंधरा वर्षं

घरात बाथरूम एक आणि सकाळी साडेसातला चौघांनाही निघायचंय. एक जण आत जातो, कडी लावतो, बाकीचे बाहेर दार वाजवत बसतात. तुमच्या मोबाइलच्या पोटातही दिवसभर हेच चालू असतं, माहितीये?

आज बऱ्याच फोनमध्ये आठ कोअर असतात. म्हणजे आठ कामं एकदम चालू शकतात. त्यातली दोन एकाच फाइलमध्ये लिहायला गेली तर? भिशीच्या वहीत दोघांनी एकाच ओळीवर नोंद केली की हिशोबाचं जे होतं, तेच डेटाचं होणार. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम 'लॉक' लावते.

अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्सची गोष्ट पाहा. १९९६ साली आलेल्या लिनक्स २.० मध्ये एकापेक्षा जास्त प्रोसेसर वापरायची सोय झाली. तेव्हा सोपा उपाय निघाला : अख्ख्या कर्नलला एकच कुलूप, 'बिग कर्नल लॉक'. खोल्या चार, पण कडी फक्त मुख्य दाराला! दोन प्रोसेसर होते तोवर निभावलं. प्रोसेसर वाढले, तशी दाराबाहेरची रांगही वाढली.

मग प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप लावू, असं ठरलं. पण कुलपं वाढली की 'डेडलॉक'ची भीती. गाडीची किल्ली तुमच्याकडे, गाडीची कागदपत्रं भावाकडे आणि दोघंही 'आधी तू दे' म्हणून अडून बसलेले. गाडी जागची हलत नाही. त्यावरचा उतारा साधा आहे : कुलपं कायम एकाच ठरलेल्या क्रमाने घ्यायची.

खरी डोकेदुखी वेगळीच होती. मोठं कुलूप नेमकी कशाची राखण करतंय, हेच अनेक ठिकाणी कुणाला सांगता येईना. फाइलमध्ये पुढे-मागे सरकण्यासारख्या किरकोळ कामालाही ते लागायचं. गरज खरंच आहे का, हे एकेक ड्रायव्हर तपासून बघावं लागलं. शेवटी मे २०११ मध्ये, लिनक्स २.६.३९ मधून ते कायमचं गेलं.

तरी एक फट होतीच. उघडलेल्या फाइलमध्ये आपण कुठवर आलो, याची एक खूण असते. ही खूण सामायिक असलेल्या दोन प्रोग्रॅमनी एकदम लिहिलं, तर एकाचा मजकूर दुसऱ्यावर चढू शकायचा. २०१४ च्या लिनक्स ३.१४ मध्ये त्या खुणेपुरतं छोटं कुलूप आलं. आणि फाइल वापरणारा एकटाच असेल तर? मग ते कुलूप लावायचंच नाही!

कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी डेडलॉकची व्याख्या तुम्ही पाठ केलीच असेल. त्यापुढे एक सवय लावून घ्या. कोडमध्ये लॉक टाकलात की शेजारी एक ओळ लिहा : हे कशाची राखण करतंय? ओळ सुचली नाही, तर लॉक चुकीच्या जागी असेल किंवा त्याची गरजच नसेल. आज ती ओळ लिहायला एक मिनिट लागेल. ती न लिहिल्याची किंमत किती मोजावी लागते, ते वर वाचलंतच.

लिनक्सचा सगळा कोड कुणालाही फुकट वाचता येतो. या सुट्टीत त्यातलं 'एफएस' फोल्डर उघडून तर बघा!