आठ पतंग आणि एक फोटो

मानवतच्या मोंढ्यात कापसाला बोली लागते तेव्हा भावाचं बरंचसं शिवारातच ठरून गेलेलं असतं. गुलाबी बोंडअळी लागली की बोंड नीट उमलत नाही, रुई डागाळते, वेचणीत कवडी येते. आणि ही अळी दिसत नाही, हीच खरी अडचण. अंड्यातून निघाली की ती पात्यात, फुलात नाहीतर बोंडात शिरते. आत सरकी खात बसते आणि बाहेरून बोंड हिरवंगार. २०१७ च्या हंगामात तिनं मराठवाडा-विदर्भात धुमाकूळ घातला, तेव्हा कित्येकांना बोंड फोडून पाहीपर्यंत पत्ता लागला नव्हता.

म्हणून अळी शोधत बसण्यापेक्षा तिचा बाप मोजायचा. कामगंध सापळ्यातल्या ल्यूरला मादीचा गंध असतो, त्या ओढीनं नर पतंग येतात आणि अडकतात. एका सापळ्यात रात्रीला ८ पतंग, तेही सलग ३ रात्री सापडले तर नुकसानीची पातळी गाठली, फवारणीचं बघा, असा ढोबळ नियम आहे. सांगायला सोपा. सापळ्याच्या पिशवीतून मात्र जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे करडे पतंग निघतात आणि त्यांच्यासोबत तुटके पंख, मुंग्या, काडीकचरा आणि वाट चुकलेले भलतेच किडे.

मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेनं ही मोजणी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर सोपवली. सापळ्यातले पतंग कागदावर पसरायचे, फोटो काढायचा, ॲप गुलाबी आणि अमेरिकन बोंडअळीचे पतंग वेगवेगळे मोजून सल्ला देतं. २०२० मध्ये केडीडी या आंतरराष्ट्रीय परिषदेत या कामावर शोधनिबंध आला. शिवारात रेंज नसते हे ओळखून मोजणीची प्रणाली फोनमध्येच मावेल इतकी आटवली होती, ही मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

फोटोतून वस्तू मोजण्याचा हा खटाटोप मुळात प्रयोगशाळांमधला. काचपट्टीवरच्या पेशी मोजणाऱ्यांना हेच करायचं होतं. संगणकाला कृष्णधवल फोटो म्हणजे ० ते २५५ या आकड्यांचा तक्ता. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. कुठल्या आकड्याच्या खाली ‘पतंग’ आणि वर ‘कागद’ म्हणायचं? नोबुयुकी ओत्सू या जपानी संशोधकानं १९७९ मध्ये यावर तोडगा काढला. शक्य त्या प्रत्येक आकड्यावर रेघ मारून पाहायची आणि दोन्ही बाजूंचे ठिपके आपापल्या गटात सगळ्यात जास्त सारखे दिसतील ती रेघ पक्की करायची. फोनची सावली कागदावर पडली की हा हिशोब कोलमडतो, मग फोटोचे तुकडे करून प्रत्येकाची रेघ वेगळी काढावी लागते. बारीक धूळ घालवायला प्रत्येक ठिपक्याच्या जागी त्याच्यासकट आसपासच्या नऊ आकड्यांपैकी क्रमानं मधला ठेवतात. उरलेले सलग काळे डाग मोजले की संख्या मिळते.

दोन पतंग चिकटले तर डाग एकच. त्यासाठी फोटोला चक्क जमीन मानतात. प्रत्येक डागाचा गाभा म्हणजे खड्डा. खड्ड्यांत तळापासून पाणी चढवायचं आणि दोन खड्ड्यांचं पाणी जिथे एकमेकांना भिडेल तिथे बांध घालायचा. त्या बांधावर पतंग वेगळे होतात. हीदेखील १९७९ चीच, ब्यूशे आणि लांतुएजुल या फ्रान्समधल्या जोडगोळीची पद्धत. पंख वेडावाकडा पसरला असेल तर ती एका पतंगाचे तीन करून ठेवते. आजची न्यूरल जाळी हजारो नमुने पाहून शिकतात आणि पतंगाभोवती चौकट आखतात. त्यांची खोड उलटी. एकमेकांवर चढलेल्या चौकटींपैकी एकच ठेवायची असा त्यांचा रिवाज, त्यामुळे ढिगातले दोन पतंग एक होऊन बसतात.

अभियंत्यांची झोप उडते ती या ढिगापायी. शेतकऱ्याला मात्र ढिगाचं फारसं सोयरसुतक नाही. पतंग दीडशे आहेत की दोनशे, यानं सल्ला बदलत नाही. निर्णय अडतो तो सहा-सात-आठच्या आसपास, आणि तिथे पतंग सुटेच पडलेले असतात. तिथे तुटक्या पंखाला पतंग समजणं महागात पडतं. एकूण अचूकतेची टक्केवारी मिरवणाऱ्या जाहिराती वाचताना चुका नेमक्या कुठल्या आकड्यांपाशी होतात, हे विचारायला हवं.

क्षयाच्या तपासणीतही हेच. बेडक्याची काचपट्टी रंगवून तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजतो. एका दृष्टिक्षेत्रात १० हून जास्त दिसले तर ३+, पण १०० क्षेत्रं पालथी घालून १ ते ९ च सापडले तर ‘स्कँटी’. ३+ च्या पट्टीवर यंत्राचे वीस जंतू हुकले तरी रुग्ण सुटत नाही. स्कँटी पट्टीवर रंगाचा एखादा कण जंतू ठरला किंवा एखादा जंतू कण ठरला की एका माणसाचं निदान फिरतं.

पण ढीग सगळीकडेच माफ नसतो. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी ज्यांचा आकडा पाठ असतो त्या प्लेटलेट्स, रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे कधी कधी गोळा होतात. मोजणी यंत्र सहसा फोटो काढत नाही, बारीक छिद्रातून पेशी जाताना विजेत होणारा फरक टिपतं. चूक मात्र तीच. गोळा मोजला जात नाही, आकडा खोटाच खाली येतो आणि नातेवाइकांची धावपळ सुरू होते. अशा वेळी काचपट्टी डोळ्यांनी पाहावी लागते.

आणखी एक चूक आहे, जी फोटोत नसतेच. ल्यूरचा गंध काही आठवड्यांत विरतो. ती वेळेवर बदलली नाही तर पतंग फिरकत नाहीत. फोटो स्वच्छ, मोजणी बिनचूक, आकडा दोन, आणि बोंडात अळी मजेत. तपासणीला बेडक्याऐवजी नुसती लाळ दिली की काचपट्टीचंही असंच होतं. क्षयाच्या थुंकी तपासणीत एक नमुना लगेच आणि दुसरा सकाळी उठल्याउठल्या मागतात. रात्रभर छातीत साचलेला बेडका सकाळी खोकून नीट बाहेर येतो.