लष्करी प्रक्षेपणतळ आणि प्रादेशिक अंतराळ उद्योग : व्हँडेनबर्गच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
जेथून अग्निबाण उडतात तेथे अंतराळ उद्योग आपोआप वाढतो, असा समज सर्वत्र आढळतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मध्य किनाऱ्यावरील व्हँडेनबर्ग तळाचा इतिहास या समजाला छेद देणारा आहे. लष्करी तळाभोवती व्यापारी उद्योग उभा राहण्यासाठी कोणत्या बाबी आवश्यक असतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९४१ साली येथे कॅम्प कुक ही सैनिकी छावणी स्थापन झाली. १९५७ मध्ये ती हवाई दलाकडे आली, १९५८ मध्ये तिला जनरल हॉइट व्हँडेनबर्ग यांचे नाव मिळाले आणि २०२१ पासून हा तळ अंतराळ दलाचा तळ म्हणून ओळखला जातो. येथून दक्षिणेकडे सोडलेला अग्निबाण लोकवस्तीवरून न जाता प्रशांत महासागरावरून जातो. त्यामुळे ध्रुवीय कक्षेसाठी हे स्थान अनुकूल ठरले.

एकाच ग्राहकावरील अवलंबन :
१९८० च्या दशकात स्पेस शटलसाठी येथे प्रक्षेपणमंच सज्ज करण्यात आला व शेजारच्या लोम्पोक शहराच्या आशा पल्लवित झाल्या. जानेवारी १९८६ मधील चॅलेंजर दुर्घटनेनंतर हा बेत बारगळला. येथून एकही शटल उडाले नाही आणि त्याची झळ शहराला सोसावी लागली. १९९६ साली अमेरिकेतील पहिला परवानाप्राप्त व्यापारी अंतराळतळ याच परिसरात मान्य झाला. परंतु तेथूनही प्रामुख्याने सरकारी उपग्रहच उडाले. परवाना होता, ग्राहक नव्हते.

नवे प्रयत्न :
२०१३ पासून स्पेसएक्सचे फाल्कन ९ व २०२१ पासून फायरफ्लाय कंपनीचे अल्फा येथून उडू लागले. याच काळात परिसरातील डायब्लो कॅन्यन अणुवीज प्रकल्प बंद करण्याचे २०१६ मध्ये जाहीर झाल्याने पर्यायी रोजगाराचा प्रश्न निर्माण झाला. (२०२२ च्या कायद्याने प्रकल्पाची मुदत वाढविण्यात आली.) यातूनच 'रीच' ही प्रादेशिक संस्था, राज्य शासन, तळ व कॅल पॉली विद्यापीठ यांनी एकत्रित नियोजन हाती घेतले. याच विद्यापीठात व स्टॅनफर्डमध्ये १९९९ साली दहा सेंटिमीटर बाजूच्या 'क्यूबसॅट'चे प्रमाणमान आकारास आले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला व २०१६ मध्ये प्रक्षेपित झालेला 'स्वयम्' हा उपग्रह याच प्रकारातील होय.

मर्यादा :
फाल्कनची निर्मिती लॉस एंजेलिसजवळील हॉथॉर्न येथे होते. म्हणजेच उड्डाणांची संख्या वाढली तरी कारखान्यातील रोजगार त्याच प्रमाणात स्थानिकांना मिळत नाही. उड्डाणांचा ध्वनिस्फोट मात्र त्यांच्याच वाट्याला येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या किनारा आयोगाने वार्षिक उड्डाणे ३६ वरून ५० करण्यास विरोध केला. तथापि २०२५ मध्ये हवाई दलाने १०० उड्डाणांपर्यंतच्या वाढीस मान्यता दिली. तळाच्या निर्णयांवर परिसराचे नियंत्रण किती मर्यादित असते, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
प्रक्षेपणमंच हे साधन आहे, उद्योग नव्हे. विविध ग्राहक, तळाबाहेरील निर्मिती, स्थानिक शिक्षणसंस्थांशी सांगड आणि रहिवाशांची संमती या चार बाबी जुळल्या तरच तळाचा लाभ प्रदेशास मिळतो. तामिळनाडूतील कुलशेखरपट्टिणम येथील नव्या प्रक्षेपणतळाची पायाभरणी २०२४ मध्ये झाली आहे. तो तळ लष्करी नसला, तरी लोम्पोकचा अनुभव आपणासही विचारात घ्यावा लागेल.