परिपाठानंतरची दहा मिनिटं

"बाई सकाळी नुसत्या काड्या मोजून घेतात, पाढे कधी शिकवणार?" पहिली-दुसरीतल्या मुलांच्या आया असं विचारतात. आज त्या काड्यांबद्दलच बोलू.

परिपाठ संपला की काही शाळांत लहान वर्गांची दहा मिनिटं आकड्यांची असतात. फळ्यावर वार, तारीख, हजेरी. शिवाय शाळा भरली की रोज एक काडी डब्यात टाकायची. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा बांधायचा. गठ्ठा म्हणजे दशक, उरतील त्या सुट्या.

हे रोज कशाला? कारण आपल्या मराठीतली आकड्यांची नावं लहान मुलाला चकवतात. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, वीस मागून. लिहिताना मात्र 2 आधी. मग पोर 52 लिहितं आणि घरी बोलणी खातं. ते ढ नाही हो, जसं ऐकलं तसं त्यानं लिहिलं! 'एकोणतीस'मध्ये तर दोनही ऐकू येत नाही आणि नऊही नाही; तिसाला एक कमी, हे ज्याला कळलं त्यालाच ते उमगतं. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला होता, आठवतं ना? मला विचाराल तर नाव कोणतंही घ्या, पण मुलाच्या हातात दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या आल्याच पाहिजेत. मग 25 आणि 52 मधला फरक त्याला डोळ्यांनी दिसतो.

हजेरीचंही तसंच. पटावर 23, आज आले 19. किती आले नाहीत? एक मुलगी बोटांवर म्हणते, वीस, एकवीस, बावीस, तेवीस, म्हणजे चार. दुसरा म्हणतो, एकोणीसला एक दिला की वीस, वर तीन, झाले चार. बाई दोघांनाही विचारतात, "कसं काढलंस?" वजाबाकीचं चिन्ह अजून पुस्तकात आलेलंही नसतं, पण वजाबाकी झालेली असते.

आता अवघड गोष्ट. ही दहा मिनिटं शाळेच्या अगदी सुरुवातीला असतात. आई पाणी घेऊन येईपर्यंत बाळाजवळ बसलेली मुलगी धापा टाकत पोहोचते, तोवर काडी डब्यात पडलेली असते. एक दिवस चालेल. रोज तसंच झालं, तर पुढे हातच्याची बेरीज आली की ती गप्प बसते, आणि आपण म्हणतो मुलींना गणित जमत नाही. गटातल्या चार घरांनी मिळून सकाळी बाळं सांभाळायची पाळी लावली तर? गटानं याहून मोठी कामं केली आहेत.

घरी शिकवणी नको. संध्याकाळी भाकरी थापता थापता विचारा, "आज काड्या किती झाल्या? गठ्ठे किती, सुट्या किती?" बचतीचे 47 रुपये दहाच्या चार नोटा आणि रुपयाची सात नाणी असे त्याच्यासमोर मांडा. नोटा नसतील तर चिंचोके घ्या. उत्तर चुकलं तर ओरडू नका, "कसं मोजलंस?" एवढंच विचारा. त्यासाठी आपल्याला लिहिता-वाचता यावं लागत नाही. पोर स्वतःच पुन्हा मोजायला बसतं.